कानाचा अधिकार : जुन्नर-आंबेगावच्या परिसरातील शब्द, सूर आणि ऐकणारे

पुस्तकातून किंवा गाण्यातून माणसाला जगण्याचे बळ मिळते, हे विधान आता इतके गुळगुळीत झाले आहे की त्यापाशी थांबण्याची गरज कुणाला वाटत नाही. आवडलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढावी, एखादी चीज ऐकताना डोळे मिटावेत आणि ‘हे जणू माझ्यासाठीच आहे’ असे मनाशी म्हणावे, इतका हा अनुभव आपल्या अंगवळणी पडला आहे. तो खाजगी आहे, निरुपद्रवी आहे आणि सर्वांना सारखाच खुला आहे, असे आपण धरून चालतो. साहित्याच्या वर्गात ‘ही कविता तुम्हाला कशी भावली?’ हा प्रश्न विचारला जातो, तोही याच गृहीतकाच्या आधारावर.

या गृहीतकामागे मोठा इतिहास आहे आणि तो फारसा शांत नाही. एखादा शब्द आपला म्हणण्याआधी तो कानावर पडावा लागतो. आणि तो कुणाच्या कानावर पडावा, हे ठरवणे शतकानुशतके ऐकणाऱ्याच्या हाती नव्हते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : मराठी परंपरेत ग्रंथात वा गाण्यात स्वतःसाठी अर्थ सापडणे ही रुचीची बाब होण्यापूर्वी अधिकाराची बाब होती. हा अधिकार ज्यांना नाकारला गेला त्यांनी तो वाचून मिळवण्यापेक्षा ऐकून आणि गाऊन मिळवला. आणि मिळवल्यानंतरही तो सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही.

हे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचा एक लहानसा टापू पुरेसा आहे. जुन्नर म्हटले की शिवनेरी आणि १६३० हे साल आठवते, आणि ते योग्यच आहे. पण येथे आम्ही किल्ल्याची वाट सोडून घाटमाथ्यावरच्या नाणेघाटाकडे, पूर्वेच्या आळे गावाकडे, मांडवीकाठच्या ओतूरकडे, शेजारच्या आंबेगाव तालुक्याच्या डोंगरपट्ट्याकडे आणि शेवटी नारायणगावकडे जाणार आहोत. या प्रत्येक ठिकाणी शब्द आणि ऐकणारा यांचे नाते निराळे आहे. ती नाती एकापुढे एक ठेवली की आपल्या आजच्या ‘भावण्या’ची किंमत काय, हे थोडेसे ध्यानात येते.

दगडावरचा शब्द

कोकणातून देशावर चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्याशी एक कोरीव लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत सातवाहनांचा प्रसिद्ध लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा लेख सातवाहन राजकुळाशी आणि राणी नागनिकेशी जोडला जातो. त्यात देवतांना वंदन आहे, अश्वमेध, राजसूय यांसारख्या वैदिक यज्ञांची नोंद आहे आणि त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा हिशेब आहे : हजारोंनी गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाणी. भारतीय अंकलेखनाच्या अभ्यासकांना हा लेख त्यातील आकड्यांमुळेच मोलाचा वाटतो. मागच्या भिंतीवर राजकुळातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज तेथे पावलांच्या खुणा आणि वरची नावे एवढेच शिल्लक आहे.

एका स्त्रीचे नाव इतक्या प्राचीन काळी दगडावर यावे, याचे अप्रूप वाटतेच. पण या लेखाचे पुढे काय झाले तेही पाहावे. लिपी विस्मरणात गेली. कित्येक शतके व्यापारी, बैलांचे तांडे आणि सैनिक त्या भिंतींसमोरून गेले आणि त्यांना त्या अक्षरांचा एक शब्दही उमगला नाही. १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचे कोडे सोडवले, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाणेघाटाच्या आकड्यांवर काम केले आणि १८८३ साली गेओर्ग ब्यूलर यांचे या लेखाचे संपादन प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे भिंत पुन्हा बोलू लागली.

टिकाऊपणाच्या दृष्टीने दगडाइतके भरवशाचे साधन दुसरे नाही. तरीही येथे शब्द टिकला आणि ऐकणारा हरवला. शिवाय तो शब्द मुळात ऐकणाऱ्यासाठी कोरलेलाच नव्हता. यज्ञ कुणी केले आणि दान किती दिले, याची ती राजकीय ग्वाही होती. घाट चढून आलेल्या हमालाने त्यात आपल्या आयुष्याचा अर्थ शोधावा, अशी अपेक्षा कोरणाऱ्याची असण्याचे कारण नाही. ज्या वेदांच्या विधींची ही नोंद आहे, त्या वेदांच्या श्रवणाचा अधिकारही त्या हमालाला नव्हता.

रेड्याचा आवाज

नाणेघाटाकडून जुन्नर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडे गेले की आळे लागते. येथे ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्राह्मणसभेपुढे ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, नंतर भावंडे नेवाशाहून आळंदीकडे निघाली, तो रेडाही त्यांच्याबरोबर निघाला आणि आळे येथे त्याने देह ठेवला, अशी परंपरा सांगते. महिपतींच्या ‘भक्तविजया’ने (१७६२) ही कथा घरोघरी पोचवली. चैत्रात येथे यात्रा भरते.

कथेतला चमत्कार खरा की खोटा, या वादात आम्हाला शिरायचे नाही. तो वाद बहुधा कथेच्या मर्मापासून दूर नेतो. रेडा निवडला गेला आहे तो का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना शुद्धिपत्रासाठी सभेपुढे उभे राहावे लागले, ती मुले वेदाचा उच्चार अशा तोंडातून करवतात की ज्याला ‘अनधिकारी’ म्हणणेही हास्यास्पद ठरावे. अधिकाराची सारी उतरंड एका पशूच्या आवाजाने निरर्थक होते. कथा रचणाऱ्या लोकमनाला सभेचा निर्णय मान्य नव्हता, एवढे तर ती स्पष्ट सांगते.

हे लोकमन ज्ञानदेवांच्या ग्रंथाला धरूनच चालले आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव वेदाला संपन्न पण कंजूष ठरवतात, त्याने तीनच वर्णांच्या कानाशी लागून आपले धन सांगितले, हा त्यांचा आक्षेप आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी तोच वेद गीतेच्या रूपाने सर्वांना सेव्य झाला, असे ते मांडतात. येथे ‘कान’ हा शब्द आम्हाला कळीचा वाटतो. ज्ञानाचा प्रश्न ज्ञानदेवांनी डोळ्यांच्या आणि पोथीच्या भाषेत न मांडता कानाच्या भाषेत मांडला. त्यांच्या ग्रंथाची रचनाही श्रोत्यांसमोर बोललेल्या निरूपणाची आहे. ओवीचा छंद घेऊन ग्रंथ कानाकडे आला, आणि ज्याच्याजवळ पाटी-लेखणी नव्हती त्यालाही तो आपला म्हणता येऊ लागला.

स्वप्नातला गुरू

आळ्याच्या वायव्येला मांडवी नदीच्या काठी ओतूर आहे. श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडींसाठी प्रसिद्ध असलेले कपर्दिकेश्वराचे देऊळ येथे आहे आणि जवळच चैतन्यस्वामींची समाधी आहे. तुकाराम महाराजांचे गुरू बाबाजी चैतन्य ते हेच, असे येथील परंपरा मानते. केशव चैतन्य आणि बाबाजी ही एकाच पुरुषाची दोन नावे की दोन भिन्न व्यक्ती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंपरेच्या हिशेबाने पाहिले तर बाबाजींची समाधी तुकोबांच्या जन्माआधीची ठरते. म्हणजे हे गुरू-शिष्य जगाच्या अर्थाने कधी भेटलेलेच नाहीत.

तुकोबांनी आपल्या अभंगात या भेटीचे जे वर्णन केले आहे, ते मराठी वाङ्मयातील फार विलक्षण वर्णनांपैकी एक आहे. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला. भोजनासाठी त्यांनी पावशेर तूप मागितले, पण स्वप्नात असल्याने तुकोबांना त्याचा विसर पडला. कसला तरी अंतराय आला असावा, म्हणून गुरू घाईने निघून गेले. जाण्यापूर्वी त्यांनी राघव चैतन्य, केशव चैतन्य ही आपली परंपरा सांगितली, स्वतःचे नाव बाबाजी म्हणून सांगितले आणि ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र दिला. दिवस माघ शुद्ध दशमीचा, वार गुरुवार. एवढ्या दिव्य प्रसंगात पावशेर तुपाचा हिशेब आणि आपल्या हातून सेवा घडली नाही याची रुखरुख! वाण्याच्या दुकानात वजनमापे हाताळलेल्या माणसाचे हे स्वप्न आहे, आणि म्हणूनच ते खरे वाटते.

याला जोडून दुसऱ्या एका अभंगात तुकोबा म्हणतात की आपल्या मनातला भाव ओळखून गुरूने आपल्या आवडीचाच सोपा मंत्र सांगितला. आमच्या विषयाच्या दृष्टीने ही कबुली फार मोठी आहे. मंत्र नवा नव्हता. जे आधीच आवडत होते, ओठांवर होते, तेच कुणा दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आले आणि त्या क्षणी ते आपले झाले. प्रेरणा म्हणजे बाहेरून येणारी अपूर्व वस्तू, अशी आपली समजूत असते. तुकोबांच्या अनुभवात ती ओळख पटण्याची घटना आहे. आणि ओळख पटण्यासाठी दुसरा आवाज लागतो, मग तो स्वप्नातला का असेना.

हे स्वप्न रिकाम्या मनात पडलेले नाही. दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर तुकोबांनी पडलेले देऊळ दुरुस्त केले, संतांची वचने विश्वासाने पाठ केली, कीर्तनात पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले, हे सारे त्यांनीच सांगितले आहे. म्हणजे अगोदर ऐकणे, मग पाठ करणे, मग दुसऱ्यांच्या स्वरात स्वर मिसळणे आणि त्यानंतर स्वतःचा शब्द. नामदेवांनी स्वप्नात येऊन कवित्व करण्यास सांगितले, असेही ते म्हणतात. दोन्ही स्वप्नांत तुकोबांना मिळते ती परवानगी. कुणब्याने अध्यात्मावर बोलावे का, हा प्रश्न भोवतालचे जग विचारत असताना ही परवानगी किती महत्त्वाची होती, ते वह्या इंद्रायणीत बुडवण्याच्या प्रसंगावरून समजते. वह्या बुडवता आल्या तरी त्यातले अभंग लोकांच्या गळ्यात होते, त्यांना बुडवणे कुणाच्या हाती नव्हते. इंद्रायणीने वह्या परत दिल्या, या श्रद्धेच्या पोटातही हेच सत्य असावे, असे आम्हाला वाटते.

बहिणाबाईंचे ऐकणे

ओतूरच्या या परंपरेत स्वतःचे नाव अभंगाने कोरणारी पुढची व्यक्ती म्हणजे संत बहिणाबाई (१६२८-१७००). वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेली, लहान वयात वयस्क बिजवराला दिलेली ही ब्राह्मण मुलगी कुटुंबाबरोबर फिरत फिरत कोल्हापुरास आली. तेथे जयराम गोसावींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग तिच्या कानावर पडले. तिने तुकोबांना पाहिलेले नव्हते. तिच्यापाशी पोथी नव्हती. होते ते ऐकलेले अभंग आणि तिच्याबरोबर कीर्तनाला येणारे एक वासरू. वासरू मेले, आणि मरता मरता त्याने एका संस्कृत श्लोकाचा राहिलेला भाग उच्चारला, असे ती सांगते. आळ्याचा रेडा येथे वासराचे रूप घेऊन पुन्हा बोलला, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. त्या आघातात बहिणाबाई बेशुद्धावस्थेत पडून राहिल्या आणि त्या अवस्थेत तुकोबांनी दर्शन देऊन त्यांना मंत्र दिला.

ओतूरच्या स्वप्नाची ही पुनरावृत्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. तुकोबांना न भेटलेला गुरू स्वप्नात भेटला, बहिणाबाईंना न भेटलेले तुकोबा भेटले. पण दोन्हींच्या परिणामांत फरक आहे. बहिणाबाईंचा नवरा वेदविद्येवर चरितार्थ करणारा. आपल्या बायकोने एका शूद्राला गुरू मानावे, हे त्याला असह्य झाले आणि त्याने तिला मारझोड केली. तो पुढे बदलला, कुटुंब देहूला गेले, तेथेही मंबाजीचा छळ वाट्याला आला. हे सर्व बहिणाबाईंनी स्वतःच्या अभंगांत नोंदवले आहे. एका मराठी स्त्रीने स्वतःविषयी सांगितलेली अशी सलग हकीकत त्यापूर्वीच्या वाङ्मयात सापडणे कठीण. १९२९ साली जस्टिन ॲबट यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले ते त्यामुळेच.

गाणे ऐकून मनात हलणे आणि त्यासाठी मार खाणे, हा अनुभव आजच्या वाचकाला परका वाटेल. पण ‘मला हे भावले’ या वाक्याची मूळ किंमत येथे कळते. बहिणाबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. आदिनाथापासून ज्ञानेश्वरांपर्यंत आणि पुढे राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी यांच्यामार्गे तुकोबांपर्यंत येणारी गुरुपरंपरा त्यांनी अभंगात गुंफली. ओतूरच्या समाधीविषयीची चर्चा करताना अभ्यासकांना या अभंगाचा आधार घ्यावा लागतो, तो यामुळे. जिचा कान रोखण्याचा प्रयत्न झाला तीच परंपरेची नोंद ठेवणारी ठरली. नाणेघाटात राणीचे नाव दगडावर आले ते राजकुळाच्या बळावर. बहिणाबाईंचे नाव टिकले ते त्यांनी ऐकलेले आपले करून पुन्हा ऐकवले म्हणून.

नाव नसलेल्या

बहिणाबाईंना निदान ‘बहिणी म्हणे’ ही नाममुद्रा होती. असंख्य बायकांना तीही नव्हती. जुन्नरला लागून दक्षिणेस आंबेगाव तालुका आहे. घोडेगाव हे त्याचे मुख्य ठिकाण. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला आहे ते जुने गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. नाव तेवढे कागदपत्रांत आणि बोलण्यात उरले. पश्चिमेकडच्या हिरड्याच्या रानात महादेव कोळी वस्त्या आहेत. घाटमाथ्याच्या या सगळ्या पट्ट्यात पहाटेच्या जात्याबरोबर ओवी गाणाऱ्या बायकांच्या पिढ्या होऊन गेल्या. याच सह्याद्रीत आणखी दक्षिणेला, मुळशीच्या डोंगरी गावांतून सुरुवात करून गी पॉइत्वॅं आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे महाराष्ट्रभरच्या गावांतून जमलेल्या या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली.

या ओव्यांत सीता वनवासाला जाते तेव्हा ती रामायणातली राणी राहत नाही. तिचा वनवास गाणारीच्या सासुरवासाला येऊन मिळतो. राम चुकला असे पोथीत म्हणण्याची सोय नसेल; जात्यापाशी ते म्हणता येते, कारण तेथे ऐकणारी दुसरी बाईच असते. तुकोबा, जनी, पंढरीचा विठोबा हे सगळे या ओव्यांत नात्यागोत्याचे होऊन येतात. ग्रंथातून व्यक्तिगत अर्थ काढण्याचे याहून उघड उदाहरण शोधूनही सापडणार नाही. आणि तरी या वाचनाला (आम्ही याला वाचनच म्हणतो) आपल्या अभ्यासक्रमात ‘लोकसाहित्य’ या वेगळ्या कप्प्यात ठेवले जाते, रामायणाच्या टीकेत त्याला स्थान मिळत नाही. विजेची चक्की आली, जाते थांबले, आणि गाण्याचे ते निमित्तही गेले. कष्ट संपले हे चांगलेच झाले. पण ज्या वेळी आणि ज्या सोबतीत तो अर्थ बोलला जाई, ती वेळ आणि ती सोबत दुसरीकडे कुठे मिळाली, हे विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

देणारीच्या वाट्याला काय?

येथपर्यंतचा वृत्तान्त आशादायक आहे : कान रोखले गेले, गाण्याने ते उघडले. या आशेची परीक्षा नारायणगावात होते. पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी आपल्या जत्रेसाठी सुपारी द्यायला येथे येतात. याच गावाचे नाव लावणाऱ्या भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात विठाबाई (१९३५-२००२) वाढल्या. त्यांचा जन्म पंढरपूरचा, आणि ‘विठा’ हे नाव विठ्ठलावरून ठेवले, असे सांगतात.

तमाशा आणि कीर्तन यांना एकमेकांचे शत्रू मानण्याची पद्धत आहे. रचनेकडे पाहिले तर ते भावंडांसारखे दिसतात. गणाने आरंभ, मग गौळण, बतावणी, लावणी आणि वग. यातला गण देवाचा, आणि गौळण संतांनीही लिहिलेली. जो गावकरी सप्ताहात कीर्तन ऐके तोच जत्रेत वग ऐके, आणि दोन्हीकडून आपल्या जगण्यासाठी काही ना काही घेऊन घरी जाई. वगातल्या राजाच्या न्यायावर शेताच्या बांधावर चर्चा होत, सोंगाड्याच्या तोंडची पाटलावरची टीका गावाला वर्षभर पुरे.

पण घेणाऱ्याने देणारीकडे कसे पाहिले? विठाबाईंना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदके मिळाली. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, मध्येच पडद्याआड जाऊन प्रसूत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. ती सांगताना सांगणाऱ्याच्या आवाजात कौतुक असते. त्या रात्री खेळ थांबवण्याची मुभा त्या बाईला का नव्हती, हा प्रश्न मात्र कौतुकात हरवतो. त्यांचे अखेरचे दिवस आर्थिक ओढगस्तीत गेले. निधनानंतर त्यांच्या नावाने राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला.

बहिणाबाईंच्या बाबतीत ऐकण्याचा अधिकार नाकारला गेला होता. विठाबाईंच्या बाबतीत गाण्याला मनाई नव्हती, उलट मागणी होती. नाकारली गेली ती त्या गाण्याला शोभेशी प्रतिष्ठा. लावणीत आपल्या मनाची वेदना सापडली असे म्हणणारा रसिक त्या वेदनेची मालकी सहज स्वतःकडे घेतो, आणि ती ज्या देहातून, ज्या जातीतून, ज्या दारिद्र्यातून आली त्याचे देणे मानत नाही. गाण्यातून ‘स्वतःसाठी’ अर्थ शोधण्यात हा धोका पहिल्यापासून आहे. तुकोबांना स्वप्नातही पावशेर तुपाचे देणे राहिले याची आठवण होती. जत्रेतला प्रेक्षक, आणि खरे सांगायचे तर पुस्तकातला वाचकही, ते देणे विसरतो.

छंद आणि देणे

ओतूरनेच विसाव्या शतकात मराठीला एक वेगळा लेखक दिला. डॉ. अनिल अवचट (१९४४-२०२२) यांचा जन्म येथला. ‘छंदांविषयी’ या पुस्तकात त्यांनी चित्रे, ओरिगामी, लाकडातील शिल्पे, बासरी यांच्या नादाविषयी लिहिले आहे. येथे कुणाची परवानगी मागितलेली नाही. बासरी वाजवावीशी वाटली म्हणून वाजवली. कुणी गुरू स्वप्नात आला नाही आणि कुणी वही बुडवली नाही. ज्ञानदेवांपासून बहिणाबाईंपर्यंत ज्या अधिकारासाठी झगडा झाला, तो या लेखकाच्या पिढीपर्यंत निदान काही वर्गांना विनासायास मिळालेला होता. ही साधी गोष्ट नाही.

अवचटांचे वेगळेपण असे की त्यांनी छंदाला देण्यापासून तोडले नाही. ज्यांनी ‘छंदांविषयी’ लिहिले त्यांनीच ‘माणसं’ लिहिले आणि त्यांनीच १९८६ साली डॉ. सुनंदा अवचट यांच्याबरोबर पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. दुसऱ्याचे ऐकून घेणे हाच त्यांच्या लेखनाचा मूळ व्यापार होता : हमाल, विडी कामगार, भटके, व्यसनी माणसे जे बोलली ते त्यांनी बोलीच्या जवळच्या गद्यात उतरवले. ओतूरची जुनी परंपरा आणि हा आधुनिक लेखक यांच्यात थेट धागा जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. कानाला दिलेली प्रतिष्ठा मात्र दोन्हीकडे दिसते, एवढे नोंदवतो.

साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून यातून काय घ्यावे? ‘ही कविता तुम्हाला कशी भावली?’ हा प्रश्न रद्द करावा असे आम्हाला मुळीच वाटत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हक्क मिळवण्यासाठी एका बाईने मार खाल्ला, तो प्रश्न क्षुल्लक कसा म्हणावा? पण तो एकटा सोडू नये. त्याच्या शेजारी आणखी दोन प्रश्न ठेवावेत : ही कविता तुमच्यापर्यंत कुणाच्या आवाजातून आली, आणि तिच्याकडून तुम्ही जे घेतले त्याचे देणे कुणाचे? वर्गात अभंग डोळ्यांनी वाचून त्याचे रसग्रहण लिहिण्याआधी तो एकदा मोठ्याने म्हणावा. ओवी शिकवताना ती ज्यांनी गायली त्यांच्या श्रमाचा तास मोजावा. तमाशावर शोधनिबंध लिहिणाऱ्याने राहुटीत बसून फडमालकाचा हिशेबही ऐकावा.

नाणेघाटाची भिंत आता आपल्याला वाचता येते. तिच्या छायाचित्रांसह तिचे लिप्यंतर उपलब्ध आहे. त्याच तालुक्यात, पन्नास-साठ किलोमीटरच्या आत, एका रेड्याच्या समाधीपुढे माणसे हात जोडतात, ओतूरला बाबाजींपुढे अभंग म्हणतात आणि पाडव्याला नारायणगावात सुपारी ठरवतात. या चौघांपैकी कुणालाही वगळून मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिता येईल. तसा तो पुष्कळदा लिहिलाही गेला आहे. आम्हाला तो अपुरा वाटतो, कारण त्यात लिहिणारे असतात आणि ऐकणारे नसतात.